अनवाणी पायांचा पारखी : सर दोराबजी टाटा

ऑलिंपिक स्पर्धा आल्या की आपल्याकडे पदकांची चर्चा सुरू होते. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचे पदक थोडक्यात हुकले, याचा हिशेब वर्तमानपत्रांपासून आपल्या कॅन्टीनपर्यंत सर्वत्र मांडला जातो. त्या मैदानावर कोणी उतरावे हे ठरवले कोणी आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खेळाच्या इतिहासातील सर्वांत अवघड काम निवडीचे आहे. धावणाऱ्याला फक्त धावायचे असते. निवडणाऱ्याला मात्र जो अजून नीट धावायला शिकलेला नाही त्याच्यात उद्याचा धावपटू पाहावा लागतो. आपल्या देशात हे काम पहिल्याने ज्यांनी केले, त्या सर दोराबजी टाटांच्या जीवनाचा हा परिचय आहे.

दोराबजी म्हटले की आपल्याला आठवतो तो पोलाद कारखाना. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव जमशेटजींचे थोरले चिरंजीव म्हणून एखाद्या ओळीत येते आणि पान उलटते. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि थोडाफार लांब पल्ल्याचा धावपटू. अभ्यासासाठी टाटा घराण्याची माहिती वाचत असता त्यांच्या चरित्राची ही दुसरी बाजू माझ्या हाती लागली आणि ती मला पोलादाच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटली.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जमशेटजी नसरवानजी टाटा, आई हिराबाई. घरात सुबत्ता होती. पण मुलाला लाडाने बसवून ठेवणारे ते घर नव्हते. मुंबईतील शाळा संपताच १८७५ च्या सुमारास त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. तेथे काही काळ केंट परगण्यात एका खाजगी शिक्षकाकडे शिकून १८७७ साली ते केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. दोन वर्षे ते तेथे होते. पुस्तकांइतकेच त्यांचे लक्ष मैदानावर असे. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत त्यांनी नाव मिळवले. टेनिस, नौकानयन, धावणे, घोडेस्वारी यांतही ते मागे नव्हते. १८७९ साली ते परतले आणि सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली.

पुढे काय करावे हे लगेच ठरले नाही. दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात बातमीदारी केली. लक्षाधीशाच्या मुलाने वृत्तपत्राच्या कचेरीत खर्डेघाशी करावी हे त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापसाच्या व्यवसायात आले. जमशेटजींनी त्यांना गिरणी काढणे फायद्याचे होईल काय हे पाहण्यासाठी पाँडिचेरीस पाठवले आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाचे धडे घ्यायला लावले.

या धावपळीत त्यांचे खेळाचे वेड सुटले नाही. उलट त्याला वेगळे वळण लागले. स्वतः खेळून झाल्यावर इतरांना खेळते करावे अशी इच्छा त्यांच्या मनात आली. इंग्लंडमध्ये शाळाशाळांतून आणि विद्यापीठांतून खेळाच्या शर्यती होतात, त्यांना नियम असतात, वेळ मोजली जाते, नोंद ठेवली जाते, हे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे मुले धावत होती, उड्या मारत होती, झाडांवर चढत होती. पण त्याची मोजदाद कोणी करीत नव्हते. तेव्हा काही इंग्रज स्नेह्यांच्या साह्याने त्यांनी मुंबईतील अनेक शाळांची मिळून एक क्रीडासंघटना उभारण्यास हातभार लावला आणि तिचे चिटणीसपद सांभाळले. आरंभी क्रिकेट, मग धावण्या-उड्यांच्या मैदानी शर्यती, असा तिचा विस्तार होत गेला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ऑलिंपिकचा विचार करण्याच्या कितीतरी आधी या माणसाने शाळकरी पोरांच्या शर्यतींचे तक्ते लिहिले होते. संघ वरून बांधता येत नाही, तो शाळेच्या पटांगणातून वर यावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

याच सुमारास त्यांच्या संसाराला आरंभ झाला. म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख असलेल्या भाभांची कन्या मेहेरबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेहेरबाई स्वतः उत्तम टेनिस खेळत आणि तेही साडी नेसून. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे चिरंजीव, हे येथे सांगण्यासारखे आहे.

आता पोलादाच्या गोष्टीकडे थोडे वळतो, कारण तीतही त्यांची पारखी नजर दिसते. जमशेटजींना देशात लोखंडाचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी खनिज शोधत दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ मध्य प्रांताच्या जंगलात महिनोन् महिने हिंडले. वाहन म्हणजे बैलगाडी, वाट म्हणजे पायवाट, आणि पिण्याच्या पाण्याचीही वानवा. ज्या भागावर आशा होती तेथे मनासारखे खनिज मिळाले नाही. शोध सोडून द्यावा लागणार हे सांगण्यासाठी दोराबजी नागपुरास सरकारी अधिकाऱ्याच्या भेटीला गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढण्यासाठी ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे भिंतीवर त्या प्रांताचा भूस्तरीय नकाशा होता. दुर्ग जिल्ह्याजवळचा एक भाग त्यात गडद रंगात दाखवला होता आणि तो रंग लोखंडाच्या साठ्याची खूण होती. दोराबजी आणि वेल्ड तेथे जाऊन पाहतात तो काय, डोंगरच्या डोंगर लोखंडाचे! हाच दल्ली-राजहराचा भाग. कारखाना मात्र पुढे मयूरभंजातील खनिज मिळाल्यावर साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला.

तो नकाशा सरकारी होता, सर्वांसाठी टांगलेला होता आणि त्याच्यासमोरून कितीतरी माणसे गेली असतील. दोराबजी थांबले, त्यांनी पाहिले आणि त्या जागी स्वतः गेले. थांबणे, पाहणे आणि जाणे, या तिन्ही गोष्टी पुढे खेळाच्या बाबतीतही त्यांनी केल्या.

१९०४ साली जमशेटजी वारले. वडिलांची अपुरी स्वप्ने पुरी करण्याचा भार दोराबजी, धाकटे बंधू रतनजी आणि आप्त-सहकाऱ्यांवर आला. १९०७ साली पोलाद कंपनी स्थापन झाली. लंडनच्या पेढ्यांनी हात आखडता घेतला तेव्हा भांडवल आपल्याच देशातील लोकांकडे मागण्यात आले. स्वदेशीच्या त्या दिवसांत सुमारे आठ हजार भागधारकांनी तीन आठवड्यांत ते उभे करून दिले. १९१० मध्ये दोराबजींना सर हा किताब मिळाला आणि १९१२ मध्ये कारखान्यातून पोलाद बाहेर पडू लागले. सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याची योजनाही त्यांच्याच कारकिर्दीत पुरी झाली. तिच्याकडे मला पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आता १९१९ साल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. दोराबजी त्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींसाठी ते पुण्यास आले. या शर्यतींचे वर्णन त्यांनी दहा वर्षांनंतर, १९२९ साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. त्यातून उभे राहणारे चित्र असे. मैदान लहान, गवताळ आणि रोलर न फिरवलेले. शंभर यार्डांची शर्यत सरळ धावायला जागाच नाही, म्हणून ती वळणावरून धावण्याचा बेत. प्रत्येक धावपटूची पट्टी वेगळी दाखवणाऱ्या दोऱ्याही नाहीत. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुले. दिवसभर शेतात राबणारी, साधी भाजीभाकरी खाणारी. नियम ठाऊक नाहीत आणि शिकवणारा कोणी नाही.

पण त्या दिवशी सर्वांचे लक्ष होते ते पंचवीसेक मैलांच्या लांब शर्यतीकडे. ही मुले खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावरून अनवाणी धावली. पहिल्या काहीजणांनी लावलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले. बूट नाहीत, शिक्षक नाही, पुरेसे अन्न नाही, आणि तरीही हा वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहण्यासारखा होता!

येथे क्षणभर थांबून विचार करू. त्या मैदानावर त्या दिवशी शेकडो लोक असतील. अनेकांनी टाळ्या वाजवल्या असतील, पोरे काटक आहेत असे म्हणून घरी गेले असतील. दोराबजींनी मात्र हिशेब केला. या मुलांना चांगले खाणे आणि चांगला शिक्षक मिळाला तर काय होईल? त्यातील तिघांना आपल्या खर्चाने अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवण्याची तयारी त्यांनी दाखवली. बेल्जियममधील त्या शहरात १९२० साली, पहिल्या महायुद्धानंतरचे पहिले ऑलिंपिक भरणार होते.

पुण्याच्या मंडळींनी हा विचार नुसता उचलून धरला नाही, तो वाढवला. तिघेच का, देशाचा संघच का जाऊ नये, असे त्यांना वाटले. काळ लक्षात घ्या. टिळक हयात होते, पुणे राजकारणाने तापलेले होते आणि हिंदुस्थान या नावाने जगापुढे उभे राहण्याची प्रत्येक संधी मोलाची वाटत होती. पण अडचण अशी की पारतंत्र्यातील देशाला ऑलिंपिकमध्ये स्थान कसे मिळायचे? १९०० साली पॅरिसला कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळवली होती. पण ते एकट्याने जाणे होते, निवडलेला संघ नव्हता. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, ब्रिटिश ऑलिंपिक समितीमार्फत खटपट झाली आणि हिंदुस्थानला प्रवेश मिळाला. त्याच १९२० साली दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले.

आता खरी कसोटी होती निवडीची. पुण्यात चाचणी शर्यती घेण्यात आल्या आणि सहा जणांची निवड झाली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार आणि हुबळीचे कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू; बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी पल्ल्याचे; आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे व मुंबईचे कुमार नवले हे दोन मल्ल. नावे वाचताच ध्यानात येते की एक बॅनर्जी सोडले तर सारा संघ मुंबई इलाख्यातला आणि भोवतालचा आहे. हिंदुस्थान एवढा मोठा आणि त्याचा संघ असा एका टापूतला! यात कोणाचा पक्षपात होता असे मला वाटत नाही. चाचणी पुण्यात झाली, तेव्हा पुण्यास पोहोचू शकले त्यांतून निवड झाली. पंजाबातला किंवा मद्रासेतला एखादा चपळ मुलगा त्या दिवशी आपल्या गावी शेत नांगरत असेल. चाचणीची बातमीच त्याच्या कानी गेली नसेल, तर तो येणार कसा?

पैशाची ओढ होतीच. थोडे सरकारने दिले, थोडी वर्गणी जमली आणि दोराबजींनी आपल्या खिशातून मोठी भर घातली. संघ बोटीने इंग्लंडला गेला. लंडनमध्ये काही आठवडे शिक्षकाच्या हाताखाली सराव झाला. जन्मभर अनवाणी धावलेल्या मुलांना तेथे बुटांची सवय करावी लागली असेल, परक्या हवेची आणि परक्या अन्नाचीही.

निकाल आकड्यांत सांगतो. बॅनर्जी यांनी संचलनात संघाचा ध्वज वाहिला. शर्यतीत मात्र ते पहिल्या फेरीपुढे गेले नाहीत. दातार यांना मॅरॅथॉन पुरी करता आली नाही. चौगुले यांनी ती पुरी केली. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. पहिल्या माणसापेक्षा अठरा मिनिटे मागे. रणधीर शिंदे यांनी फेदरवेट गटात पदकाच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली आणि ते चौथे आले. आपल्या तांबड्या मातीत तयार झालेला मल्ल परक्यांच्या गादीवर, परक्यांच्या नियमांनी लढून चौथा येतो, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याच कोल्हापूरच्या तालमीत घडलेल्या, कराड तालुक्यातील खाशाबा जाधवांनी पुढे १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. शिंदे आणि खाशाबा यांच्यात बत्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि वर्गणी गोळा करून जाण्याची पाळी मात्र खाशाबांवरही आलीच.

एकोणिसावा क्रमांक म्हणजे अपयश काय? पुण्याच्या रस्त्यावरचा वेळ पाहून दोराबजींनी जी आशा धरली होती ती पाहता काहींची निराशा झाली असेल. पण येथे निवडीचे एक मूळ तत्त्व दडलेले आहे, आणि ते समजण्यासाठी मी एका अगदी वेगळ्या खेळाचा दाखला देतो. हाती नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानातून ठरलेली ठिकाणे गाठत धावण्याची एक शर्यत असते. तिला ओरिएंटियरिंग म्हणतात. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत तिचे फार वेड आहे. आपल्यापैकी जे एन.सी.सी.त आहेत त्यांनी नकाशावाचनाच्या तासाला तिची थोडी चव घेतली असेल. वीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तिची जागतिक स्पर्धा १९९० पासून होते. पहिली स्वीडनमध्ये झाली. या खेळात एका रानातला वेळ दुसऱ्या रानातल्या वेळेशी ताडताच येत नाही. कोठे दलदल, कोठे कातळ, कोठे दाट झाडी. म्हणून निवड करायची तर सर्वांना एकाच दिवशी, एकाच रानात धाववावे लागते. आणि ते रानही, शक्यतो, जेथे मोठी स्पर्धा व्हायची त्या रानासारखे असावे लागते. शिवाय पायांच्या वेगाबरोबर वाट चुकल्यावर मुलगा काय करतो हेही पाहावे लागते.

हेच तत्त्व १९२० च्या संघाला लावून पाहा. पुण्याची खडी आणि अँटवर्पचा रस्ता, पुण्याचे ऊन आणि तेथील हवा, पंचवीसेक मैल आणि पावणेत्रेचाळीस किलोमीटर, गावच्या चार ओळखीच्या मुलांबरोबरची शर्यत आणि जगातील निवडक धावपटूंबरोबरची शर्यत, यांची तुलना नुसत्या घड्याळाने होत नाही. घड्याळाने आशा दाखवली. पण तयारी काही आठवड्यांत होणार नव्हती, तिला वर्षे लागणार होती.

दोराबजींचे मोठेपण मला येथे दिसते. संघ पदकाशिवाय परतला म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. अँटवर्पनंतर देशभर पाया घालण्याचे काम सुरू झाले. मद्रासच्या वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ हॅरी बक आणि डॉ. नोहरेन यांनी प्रांतोप्रांती हिंडून क्रीडासंघटना उभ्या करण्यास मदत केली. प्रांतिक शर्यती सुरू झाल्या. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय शर्यती भरल्या आणि त्यांतून त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी धावपटू निवडले गेले. चार वर्षांपूर्वी जो पुण्यास पोहोचेल त्याच्यातून निवड झाली होती. आता प्रांतांनी आपापले खेळाडू पुढे पाठवले होते. पॅरिसलाही पदक मिळाले नाही. पण शाळेचे पटांगण, मग प्रांत, मग देश, मग जग, अशी निवडीची शिडी तोवर उभी राहिली होती. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, ती जागा पटियाळाच्या महाराज भूपिंदरसिंगांकडे गेली. आणि त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमला हॉकीचे पहिले सुवर्णपदक भारताने जिंकले.

हे सारे चालू असताना त्यांच्या व्यवसायावर गंडांतर आले होते, हेही सांगितले पाहिजे. १९२४ साली पोलाद कंपनीकडे कामगारांचा पगार देण्याइतकाही पैसा उरला नव्हता. दोराबजींनी आपली सारी खाजगी मालमत्ता आणि मेहेरबाईंचे जडजवाहीर, त्यातील प्रसिद्ध ज्युबिली हिरादेखील, इम्पीरियल बँकेत तारण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज उभारले आणि कारखाना वाचवला.

असो. एवढे वाचून दोराबजींची आरती ओवाळावी असे कोणास वाटेल. पण चरित्र लिहायचे तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. मघाशी मी विजेच्या योजनेचा उल्लेख केला. त्याच योजनांपैकी एक मुळशीचे धरण. पुण्याजवळच्या या खोऱ्यात मावळ्यांची भातशेती होती, ती पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी बायकामुलांसह धरणाच्या कामावर येऊन बसले, तुरुंगात गेले. शेवटी धरण झाले आणि गावे बुडाली. ती कंपनी टाटांची होती आणि त्या वेळी टाटा घराण्याचे प्रमुख दोराबजी होते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावलेली मुले आणि मुळशीच्या खोऱ्यात जमिनीसाठी बसलेली माणसे एकाच मातीतली. एका ठिकाणी या माणसाला शेतकऱ्याच्या मुलाचे पाय दिसले. दुसऱ्या ठिकाणी त्याच शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन त्याच्या कंपनीला अडथळा वाटली. या दोन गोष्टींची वजाबाकी करून शिल्लक काय उरते हे मला सांगता येणार नाही, आणि ती करावी असेही वाटत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. माणूस एका दिशेला कितीही दूरचे पाहणारा असला तरी त्याच्या पाठीमागे काय आहे ते त्याला दिसेलच असे नाही. म्हणूनच एका माणसाच्या नजरेवर, मग तो कितीही थोर असो, लाखो मुलांचे भवितव्य सोपवून चालत नाही.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. १८ जून १९३१ रोजी मेहेरबाईंचे इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पाठीमागे कोणी नव्हते. दोराबजींनी त्यांच्या नावाने रक्ताच्या त्या रोगावरील संशोधनासाठी एक न्यास स्थापन केला आणि आपली उरलेली सारी संपत्ती, टायपिन आणि जडजवाहीर यांसह, १९३२ साली दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. जात, धर्म, प्रांत असा कोणताही भेद न करता ती लोकोपयोगी कामांवर खर्च व्हावी अशी व्यवस्था केली. मग ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले. वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे देहावसान झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या दफनभूमीत ते मेहेरबाईंच्या शेजारी विसावले आहेत. त्यांच्या न्यासाच्या पैशातून पुढे १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था, १९४१ साली परळचे कर्करोग रुग्णालय आणि १९४५ साली मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख झाले ते मेहेरबाईंचे भाचे होमी भाभा.

मित्रहो, हे चरित्र मी आपल्यापुढे ठेवले ते केवळ माहितीसाठी नव्हे. आमच्या गावी माझ्याच वयाचा एक मुलगा आहे. ऊसतोडीच्या हंगामात तो आईबापांबरोबर गाव सोडतो. आम्ही कधी एकत्र धावलो तर तो मला तिसऱ्या मैलालाच मागे टाकतो. मी धापा टाकत पोहोचतो तेव्हा तो बांधावर बसून चिंच खात असतो. मी आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत धावतो, माझ्या नावापुढे वेळ लिहिली जाते, प्रमाणपत्र मिळते. त्याचे नाव कोणत्याही तक्त्यावर नाही, कारण तो कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नाही. चाचणीच्या दिवशी तो दुसऱ्या जिल्ह्यात उसाच्या फडात असतो. १९२० साली पुण्यापर्यंत न पोहोचलेल्या मुलांचा विचार करताना मला त्याची आठवण होते.

आज मैदाने मोठी झाली, पट्ट्या आखल्या गेल्या, सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रे आली. निवडीची शिडी सर्वत्र आहे. पण शिडीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंचावर आहे, हे कोणीतरी वाकून पाहायला हवे. दोराबजींनी धनिकांच्या मंडपात बसून धुळीतल्या पायांकडे पाहिले, हे त्यांचे ऋण. ते फेडायचे तर पुढच्या दोराबजीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, कोणी क्रीडाशिक्षक होतील, कोणी तालुक्याच्या कचेरीत बसतील. चाचणीची तारीख ठरवताना उसाचा हंगाम केव्हा संपतो एवढे जरी आपण विचारले, आणि सूचना शाळेच्या फळ्याबरोबर कारखान्याच्या तळावरही लावली, तरी पुष्कळ होईल.

यंदाचा हंगाम संपला की त्या मुलाला तालुक्याच्या खुल्या शर्यतीसाठी घेऊन जायचे मी ठरवले आहे. अर्ज मी आणून ठेवला आहे. तो कितवा येईल ते मला ठाऊक नाही. पण त्याची वेळ कोणीतरी लिहून घेईल, एवढे नक्की.